बटाट्यातलं इंजिन आणि कमलाबाई

मेसच्या बटाटा रश्शाला आपण सगळेच नावं ठेवतो. पण मुरुडच्या बाजारातून आलेला तो बटाटा पोत्यातसुद्धा श्वास घेत असतो. म्हणून तर हवा न लागता दाबून ठेवलेले बटाटे गरम होऊन सडतात. या श्वासाचा अभ्यास करून डॉ. कमला सोहोनी (माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंची धाकटी बहीण) यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. प्रबंध फक्त ४० पानांचा! आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टची जाडी आठवा.

आता थोडं तांत्रिक. पेशीत अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात शेवटी ऑक्सिजनला मिळतात. या साखळीत सायटोक्रोम-सी नावाचा हमाल आहे. त्याच्यातलं लोह एका वेळी एकच इलेक्ट्रॉन घेतं आणि पुढच्याला देतं. या प्रवासात सुटणाऱ्या ऊर्जेवर प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलले जातात, म्हणजे धरण भरतं. तेच प्रोटॉन परत येताना एक सूक्ष्म चाक फिरवतात आणि एटीपी तयार होतं. मेकॅनिकलवाल्यांनो, हे चाक खरोखरच फिरतं. कोयनेच्या टर्बाइनसारखंच समजा.

डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये सायटोक्रोमचं काम पुढे आणलं होतं. कमलाबाईंनी बटाट्यावर काम करून वनस्पतींच्या श्वसनातही सायटोक्रोम-सीचा वाटा असल्याचं दाखवलं. गवत असो की माणूस, इंजिनाची रचना बरीचशी एकच.

पण ही बाई प्रयोगशाळेच्या दारातूनच परत गेली असती. १९३३ मध्ये मुंबईची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने करून त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून नकार आला. बाई तिथेच अडून बसल्या, तेव्हा एक वर्ष परीक्षेवर घेतलं, नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही. अट अशी की मुलांचं लक्ष विचलित व्हायला नको. वर्षभरात काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि पुढे मुलींना प्रवेश मिळू लागला. हा अपमान मात्र कमलाबाई विसरल्या नाहीत, म्हातारपणी जाहीरपणे बोलूनही दाखवला. रामन यांचा फोटो आपण भिंतीवर लावतो तो लावूच, पण ही गोष्टही त्याच्याशेजारी सांगायला काय हरकत आहे?

परत आल्यावर परदेशी बटाटा सुटला. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी डाळी आणि नीरा तपासली. नीरा म्हणजे ताडामाडाचा ताजा, न आंबलेला रस, कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना उपयोगी पडेल असा. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.