जुन्या कॅमेऱ्याचा प्रकाशमापक : दोष ओळखण्याची रीत

बेंगळूरु शहराला छायाचित्रणाची समृद्ध परंपरा लाभली आहे. वन्यजीव छायाचित्रकार ओ. सी. एडवर्ड्स व त्यांचे शिष्य टी. एन. ए. पेरुमाळ (१९३२-२०१७) यांची ही कर्मभूमी. यूथ फोटोग्राफिक सोसायटी ही संस्थाही १९७१ साली येथेच स्थापन झाली. येथील अनेक कुटुंबांच्या कपाटात वडिलांचा किंवा आजोबांचा फिल्मचा कॅमेरा आजही जपून ठेवलेला आढळतो. नवी पिढी हौसेने तो बाहेर काढते. मात्र, फिल्मवरील चूक रोल धुतल्यानंतरच कळते. घरातील मंगलकार्य ३६ चित्रांत टिपले आणि प्रकाशमापकच सदोष निघाला, तर तो प्रसंग पुन्हा घडवून आणता येत नाही. म्हणून रोल घालण्यापूर्वी प्रकाशमापकाची पारख करणे अगत्याचे ठरते.

प्रकार ओळखावा

जुन्या प्रकाशमापकांचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत. पहिला सेलेनियमचा. त्यावर प्रकाश पडताच वीज निर्माण होते, त्यामुळे त्याला बॅटरी लागत नाही. ऑलिंपस ट्रिप ३५ या कॅमेऱ्यात भिंगाभोवती दिसणारे खडबडीत काचेचे कडे म्हणजे हाच मापक. दुसरा कॅडमियम सल्फाइडचा. प्रकाश वाढला की त्याचा विद्युतरोध घटतो आणि बॅटरीचा प्रवाह काटा हलवतो. पेंटॅक्स स्पॉटमॅटिक व याशिकाची अनेक मॉडेल्स या वर्गातील होत. सेलेनियमचा घटक निकामी झाला, तर तो बदलण्याखेरीज सहसा इलाज नसतो. दुसऱ्या प्रकारातील दोष मात्र पुष्कळदा घरच्या घरी सापडतो.

साध्या कारणांपासून प्रारंभ

काटा हलत नसल्यास प्रथम मापक सुरू आहे का, हे पाहावे. निकॉन एफएममध्ये फिल्म पुढे सरकवण्याची कळ थोडी बाहेर ओढावी लागते, तर स्पॉटमॅटिकमध्ये भिंगाजवळची कळ वर सरकवावी लागते. त्यानंतर बॅटरीचा कप्पा उघडावा. आत पांढरा किंवा हिरवट थर दिसल्यास बॅटरी गळली आहे, असे समजावे. अल्कलाइन बॅटरीचा हा क्षार लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने पुसावा. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तो भाग पूर्ण कोरडा करावा. द्रव आत ओघळू देऊ नये. कप्पा स्वच्छ होऊनही काटा स्थिर राहिल्यास आतील तार गंजलेली असण्याचा संभव असतो.

बॅटरीचा दाब

१९६० व ७०च्या दशकांतील अनेक कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनवले गेले. त्या बॅटरीचा दाब अखेरपर्यंत जवळजवळ स्थिर राहत असे. पाऱ्याच्या विषारीपणामुळे तिचे उत्पादन थांबत गेले. पाऱ्यावरील मिनामाता करार २०१७ साली अमलात आला आणि भारताने २०१८ मध्ये त्यास मान्यता दिली. आज तिच्या जागी १.५ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी घातली जाते. दाब अधिक असल्याने बऱ्याच मापकांना प्रकाश आहे त्याहून जास्त भासतो आणि चित्र काळवंडते. शिवाय तिचा दाब वापरागणिक उतरत जातो. श्रवणयंत्रात वापरली जाणारी सुमारे १.४ व्होल्टची झिंक-एअर बॅटरी मूळ दाबाच्या अधिक जवळ असते. परंतु वेष्टन काढल्यावर ती काही आठवडेच टिकते. स्पॉटमॅटिकसारख्या काही कॅमेऱ्यांतील मंडल-रचना दाबातील फरक सांभाळून घेते. पाऱ्याची जुनी बॅटरी सापडल्यास ती कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलन केंद्राकडे द्यावी.

तीन प्रकाशांतील चाचणी

काटा हलतो, पण त्याचा आकडा खरा आहे का? यासाठी एक जुना ठोकताळा उपयोगी पडतो. निरभ्र आकाश, माध्यान्हीचे ऊन आणि सूर्य पाठीशी असताना छिद्र एफ/१६ ठेवावे. आयएसओ १०० असेल, तर १/१२५ सेकंद हा वेग योग्य ठरतो. लालबागेतील उन्हातले हिरवे गवत या चाचणीस सोयीचे आहे. पांढऱ्या भिंतीवर मापन करू नये. मापक प्रत्येक दृश्य मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो, त्यामुळे पांढऱ्यावर तो फसतो. कब्बन पार्कच्या दाट सावलीत चौकटीत आकाश आले, तरी हेच घडते. तो मापकाचा बिघाड नव्हे.

यानंतर सावलीत आणि खोलीतही मापन करावे. प्रत्येक वेळी त्याच दृश्यावर डिजिटल कॅमेऱ्याचा आकडा घेऊन दोन्हींची तुलना करावी. तिन्ही फरक कागदावर टिपावेत.

फरकाचा अर्थ

हिशेबातील तफावत रोज सारखीच येते की बदलते, हे बँकेतील कर्मचारी प्रथम पाहतो. येथेही तीच दृष्टी हवी. मापक तिन्ही ठिकाणी एक पायरी जास्त प्रकाश दाखवत असेल, तर १०० आयएसओच्या फिल्मसाठी तबकडी ५० वर ठेवावी. एक पायरी कमी दाखवत असल्यास ती २०० वर न्यावी. फरक उन्हात एक आणि खोलीत दुसराच येत असेल, तर मात्र अशी दुरुस्ती निरुपयोगी ठरते. तेव्हा बॅटरी बदलून चाचणी पुन्हा करावी. तरीही फरक कायम राहिल्यास कॅमेरा जाणत्या कारागिराकडे द्यावा. वरचे झाकण स्वतः उघडण्याच्या मोहाने नाजूक तारा तुटतात आणि किरकोळ खर्चाचे काम मोठे होऊन बसते.

मापक निकामी झाला, तरी कॅमेरा टाकाऊ ठरत नाही. स्पॉटमॅटिक व निकॉन एफएम यांचे शटर यांत्रिक असल्याने ते बॅटरीविनाही चालते. वर दिलेला ठोकताळा आणि हातातील मोबाइलचे प्रकाशमापन यांवर त्यांची छायाचित्रे उत्तम येतात. कॅनन एई-१ मात्र बॅटरीवाचून शटर उघडत नाही, हे खरेदीपूर्वी ध्यानात असावे.

कॅमेरा दीर्घकाळ ठेवून देताना बॅटरी काढावी, सेलेनियमच्या मापकावर झाकण ठेवावे आणि चाचणीत आढळलेला फरक लिहिलेली चिठ्ठी पेटीतच ठेवावी. पुढे तो कॅमेरा ज्याच्या हाती येईल, त्याचा पहिला रोल वाया जाणार नाही.