खुल्या ड्रायव्हरचें ग्राफिक्स कार्ड

संगणकाचें ग्राफिक्स कार्ड पडद्यावर चित्र रेखाटतें. परंतु त्यास आज्ञा समजावून देणारा ड्रायव्हर नसेल तर तें व्यर्थ होय. ड्रायव्हरची मूळ संहिता खुली असल्यास कंपनीनें पाठ फिरविली तरी इतरांस ती दुरुस्त करितां येते. बंद असल्यास धडधाकट कार्डही नव्या लिनक्सवर अडगळ ठरतें. झिजलेला फाळ गांवांतच बदलतां यावा, हें १९१० सालीं नांगरांच्या कारखान्याभोंवतीं वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या शेजाऱ्यांस, म्हणजे आपणां पलूसकरांस, सांगणें नको.

इंटेल व एएमडी यांचे खुले ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यांतच असतात. म्हणून विद्यार्थ्याच्या संगणकास मी त्यांचींच कार्डें सुचवीन. एनव्हिडियानें २०२२ सालीं गाभ्यांत बसणारा भाग खुला केला, तोही २०१८ च्या ट्युरिंग व पुढील पिढ्यांपुरता. त्याआधींचें पास्कल कार्ड जुन्या बाजारांत स्वस्त मिळतें खरें. पण स्वयंसेवकांनीं रचिलेल्या ‘नूवो’ ड्रायव्हरला कंपनीच्या सहीच्या फर्मवेअरवांचून त्याचा वेग वाढवितां येत नाहीं. एनव्हिडियाच्या ‘कुडा’ प्रणालीवरच चालणारें काम असेल तर मात्र निरुपाय आहे.

जुनें कार्ड घेतांना दुकानांतच लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावून रेंडररचें नांव पाहावें. तेथें ‘एलएलव्हीएमपाइप’ असें दिसलें, तर चित्र कार्ड काढीत नसून प्रोसेसर काढीत आहे, असें समजावें.