पाच वर्षांनंतरचा टॅटू

टॅटू काढायचा ठरला की बहुतेक जण आधी चित्र शोधायला बसतात. मोबाइलवर ढीगभर डिझाइनं पाहायची, एक निवडायचं, जवळच्या स्टुडिओत जायचं आणि जागा तिथे खुर्चीत बसल्यावर ठरवायची, असाच शिरस्ता असतो. माझ्या दोन्ही हातांवर, खांद्यावर, पोटरीवर अशी बरीच कामं आहेत. काही फार सुंदर उतरली, एकाने मला डॉक्टरांच्या दारात उभं केलं. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. काढल्या दिवशी टॅटू कसा दिसतो याला फारशी किंमत नाही. तो जुना झाल्यावर कसा दिसेल हे डोळ्यांसमोर ठेवून आधी आर्टिस्ट, मग जागा आणि शेवटी चित्र ठरवावं.

यामागचं कारण त्वचेत आहे. सुई साधारण दीड-दोन मिलिमीटर खोल जाते. वरचा थर सतत झडत असतो, म्हणून रंग त्याच्या खालच्या थरात सोडावा लागतो. शरीर त्या रंगाला परकं समजतं. तिथल्या भक्षक पेशी रंगाचे कण गिळून बसतात. त्या पेशी मेल्या की कण मोकळे होतात आणि नव्या पेशी ते पुन्हा गिळतात. २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून हे दाखवलं. म्हणजे आपण कायमचा म्हणतो तो टॅटू त्वचेत सारखा हातोहात दिला जात असतो. वर्षं जातात तशी रेघ थोडी रुंदावते, कडा मऊ होतात, रंग उतरतो. हे सर्वांत चांगल्या हातून झालेल्या कामाचंही होतं. हाताला अंदाज नसेल आणि सुई जास्त खोल गेली, तर शाई खालच्या चरबीत पसरून रेघेभोवती निळसर सावली उमटते. त्याला ब्लोआउट म्हणतात, आणि त्यावर टच-अपचा उपाय चालत नाही.

माझ्या आत्याच्या सासूबाईंच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. मी पाहिलं तेव्हा ते हिरवट पडलं होतं, ठिपके फुगले होते, पण तुळस तुळसच होती. याचं कारण मला पुष्कळ उशिरा उमगलं. ठिपके मोजके होते आणि प्रत्येकाच्या भोवती मोकळी कातडी होती. शाईला पसरायला जागा होती, म्हणून चित्र टिकलं. आजची फाइन लाइनची, म्हणजे अगदी बारीक रेघांची कामं नेमकी याच्या उलट असतात. नाण्याएवढ्या जागेत फूल, पक्षी, तारीख आणि नाव असं सगळं कोंबलेलं असतं. फोटोत ते मोहक दिसतं, पण काही वर्षांनी त्यातलं काय ओळखू येईल याचा विचार केलेला नसतो.

देवनागरी अक्षरांबद्दल मला जरा विस्ताराने लिहायचं आहे, कारण आपल्याकडे नावं, देवनागरीतल्या ओळी, आईबाबांच्या सह्या गोंदवणारे खूप आणि त्याविषयी सांगणारे फार थोडे. माझ्या डाव्या मनगटावर आतल्या बाजूला आईच्या पत्रातली एक ओळ आहे, तिच्याच हस्ताक्षरात, अगदी बारीक. काढली तेव्हा हुबेहूब आईचं अक्षर होतं. आज तिच्यातला 'भ' हा 'म' वाचला जातो आणि 'ध' चा 'घ' झाला आहे, कारण शिरोरेघेतली इवलीशी फट शाईने बुजली. 'ब' च्या पोटातली तिरकी रेघ भरून तिथे काळा ठिपका राहिला आहे. रोमन अक्षरं त्या मानाने उघडी असतात. आपल्या लिपीत गाठी, फटी आणि वर-खाली मात्रा असतात, त्यामुळे तिला जागा जास्त लागते. माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे: अक्षरातली सर्वांत अरुंद फट रेघेच्या जाडीच्या निदान दुप्पट हवी, आणि अक्षराची उंची सेंटिमीटरच्या खाली नको. आईची ओळ मी आज काढली असती तर दंडावर, मोठी काढली असती.

दुसरा धोका सॉफ्टवेअरचा. काही डिझाइन प्रोग्रॅममध्ये मराठी मजकूर टाकला की जोडाक्षरं सुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे बसायची ती उजवीकडे जाते, रफार भलत्याच अक्षरावर चढतो. आर्टिस्टला मराठी वाचता येत नसेल तर त्याला हे कळायला मार्गच नाही. म्हणून मजकूर आधी कागदावर हाताने लिहून न्यावा आणि स्टेन्सिल, म्हणजे सुईआधीचा ठसा, कातडीवर उतरल्यावर सोबत आलेल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावं. स्टेन्सिल पुसून पुन्हा लावता येतं. चांगला आर्टिस्ट त्यासाठी कधी कुरकुरत नाही.

शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेचंही असंच. त्या अष्टकोनात अख्खा संस्कृत श्लोक आहे. तो मनगटावर रुपयाच्या नाण्याएवढा काढला की काही वर्षांत अक्षरं एकमेकांत मिसळतात. मुद्रेचा असा काळा डाग झालेला पाहिला की मला मनापासून वाईट वाटतं, कारण काढणाऱ्याने श्रद्धेनेच काढलेली असते. राजमुद्रा हवी असेल तर दंड, छाती किंवा पाठ, आणि तळहाताएवढी जागा.

आकार लहान होण्यामागे पुष्कळदा पैसे असतात. आपल्याकडे बरेच स्टुडिओ चौरस इंचाच्या हिशेबाने भाव सांगतात, आणि ऐकणारा लगेच म्हणतो, "दादा, थोडं छोटं करून बसवा ना." भाव परवडत नसेल तर चित्र साधं करावं, त्यातल्या रेघा कमी कराव्यात किंवा दोन महिने थांबावं. तेच चित्र आक्रसून घेऊ नये.

आर्टिस्ट निवडताना मी आता ताजे फोटो बघतच नाही. ताज्या टॅटूवर व्हॅसलीनची चकाकी असते, काळा रंग गडद असतो, वर फिल्टर असतो. मी विचारते, "हील झालेले, वर्षा-दोन वर्षांपूर्वीचे फोटो आहेत का? आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवरचे?" ज्याच्याकडे ते असतात तो आनंदाने दाखवतो. जो विषय बदलतो त्याच्याकडून मी उठते. प्रत्येकाचा हात वेगळा असतो. कुणाची अक्षरं चांगली, कुणाचं भौमितिक काम, कुणाचे चेहरे. माझ्या खांद्यावरचं काम ज्याने केलं त्याला मी वडिलांचा चेहरा काढशील का असं विचारलं होतं. तो म्हणाला, "ताई, चेहरे माझ्या हाताचे नाहीत. बाबांचा चेहरा आहे, नीट करणाऱ्याकडेच जा." तेव्हापासून बाकी सगळी कामं मी त्याच्याकडूनच करून घेते.

आता पोटरीच्या कामाबद्दल. तिथे करड्या शेडिंगचं एक मोठं चित्र आहे. करडी छटा काळी शाई पातळ करून मिळवतात. त्या स्टुडिओत शाई पातळ करायला साध्या बाटलीतलं, नळाचं पाणी वापरलं गेलं. टॅटू वरून नीट भरून आला, खपली गेली, आणि काही आठवड्यांनी फक्त करड्या भागात लाल पुटकुळ्या उठल्या. काळ्या रेघा स्वच्छ होत्या. नेहमीची अँटिबायोटिक्स घेऊन काही फरक पडेना. त्वचारोगतज्ज्ञांनी कातडीचा तुकडा तपासायला पाठवला तेव्हा कळलं, की हा क्षयाच्या जंतूच्या कुळातला, पण पाण्यात राहणारा जंतू आहे. कित्येक महिने औषधं घ्यावी लागली. डागांच्या जागी चित्र आजही उडालेलं आहे.

हे माझ्या एकटीचं दुर्दैव नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात २०११ च्या सुमारास १९ जणांना याच प्रकारच्या जंतूची बाधा झाली होती. तिथे तर आर्टिस्टची चूक नव्हती. कारखान्यातून तयार होऊन आलेली करडी शाईच दूषित होती. डिस्टिल्ड पाणी निर्जंतुक असेलच असंही नसतं. म्हणून शेडिंगचं काम असेल तर शाई कशाने पातळ करणार हे विचारायचंच. सलाइनसारखं सीलबंद निर्जंतुक पाणी आपल्यासमोर फोडलेलं हवं, आणि शाईच्या बाटलीवर कंपनी, बॅच आणि मुदत वाचता आली पाहिजे.

बाकी गोष्टी डोळ्यांनी तपासता येतात. सुईची कार्ट्रिज सीलबंद पाकिटातून समोर काढली का, शाई छोट्या टोप्यांत ओतून उरलेली फेकली का, मशीन आणि वायर प्लास्टिकने गुंडाळली आहे का, मधेच फोन उचलल्यावर हातमोजे बदलले का. धातूचे भाग पुन्हा वापरत असतील तर ऑटोक्लेव्ह हवा. त्यात १२१ अंश सेल्सिअसला, दाबाखालच्या वाफेत, निदान पंधरा मिनिटं उपकरणं राहतात. उकळतं पाणी किंवा निळ्या दिव्याची पेटी त्याची जागा घेऊ शकत नाही. जत्रेत एकच सुई फडक्याला पुसून पुढच्याच्या हातात घालतात, तिथे तर कधीच बसू नका. हिपॅटायटिस बी ची लस आहे, सहा महिन्यांत तीन डोस. टॅटूची आवड असलेल्याने ती घेऊन ठेवावी. हिपॅटायटिस सी ला लस नाही. रक्तदान करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, की टॅटूनंतर वर्षभर रक्त घेतलं जात नाही.

जागेबद्दल थोडक्यात. बोटं, तळहात, तळपाय इथली कातडी झपाट्याने झिजते, टॅटू पुसट आणि तुटक होतो. दंडाची बाहेरची बाजू, खांदा, पोटरी आणि पाठीचा वरचा भाग इथे तो सर्वांत चांगला टिकतो. बरगड्यांवर दुखतं, पण दुखणं संपतं. खरा त्रास पुढचे पंधरा दिवस अंतर्वस्त्राचा पट्टा घासण्याचा असतो. पोटावरच्या चित्राचा आकार गरोदरपणात बदलू शकतो. ज्यांच्या जखमेवर केलॉइडची गाठ येते त्यांनी छाती आणि खांद्यावर सुई लावूच नये, खरं तर कुठेच नये. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या सातारा-कोल्हापूरकडच्या पोरांसाठी मात्र जागेचा प्रश्न आयुष्याचा आहे. माझा मावसभाऊ भरतीची तयारी करत होता. दंडावर वाघ काढायचा म्हणून तो मला विचारायला आला, तेव्हा मी त्याच्यासमोर नियम ठेवले. सैन्यभरतीत कायमचा टॅटू चालतो तो कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या परंपरेनुसार सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत डाव्या, म्हणजे सलाम न करणाऱ्या हाताची आतली बाजू किंवा पंजाची मागची बाजू चालते, आणि आकार त्या अवयवाच्या चौथ्या हिश्श्याहून कमी हवा. धावणं, लेखी परीक्षा सगळं पार करून मेडिकलला टॅटूपायी बाहेर पडलेली मुलं मी पाहिली आहेत. भरतीच्या वयात असाल तर त्या वर्षीची जाहिरात वाचल्याशिवाय हातावर काहीही काढू नका.

रंगाचा मोह सगळ्यांना होतो. आपण टॅटू बघतो तो वरच्या थरातल्या मेलॅनिनमधून. त्यामुळे सावळ्या अंगावर पिवळा, पांढरा, फिकट गुलाबी लवकर हरवतात; काळा सर्वांत विश्वासू, त्याखालोखाल गडद लाल, निळा, हिरवा. अॅलर्जी सर्वांत जास्त लाल शाईची होते, म्हणून लाल मोठ्या भागात भरण्याआधी एखादा ठिपका काढून काही आठवडे वाट पाहावी. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर निर्बंध आणले आणि वर्षभराने एका निळ्या व एका हिरव्या रंगद्रव्यावरही. शाई कुठली हे विचारायला आपल्याला संकोच वाटायचं काहीच कारण नाही.

गोव्याला सुट्टीवर गेल्यावर पहिल्याच दिवशी टॅटू काढून दुसऱ्या दिवशी समुद्रात उतरणारे पुष्कळ दिसतात. मी त्यांना किनाऱ्यावर थांबवून सांगितलं आहे, कधी कधी त्यांना राग येईपर्यंत. ताजा टॅटू ही उघडी जखम असते. यकृताचा आजार असलेल्या एका माणसाचा, पाच दिवसांच्या टॅटूसह मेक्सिकोच्या आखातात पोहल्यावर, समुद्री जंतूच्या संसर्गाने मृत्यू झाल्याची नोंद २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात आली होती. निदान तीन आठवडे समुद्र, नदी, स्विमिंग पूल काही नको. साधा, वास नसलेला साबण, स्वच्छ टिपणं, मलमाचा पातळ हात आणि उन्हापासून आडोसा एवढंच लागतं. हळद, खोबरेल, घरातलं कुणी सांगेल ते लावू नका. बधिर करणारं क्रीम जाड थापून वर प्लास्टिक गुंडाळण्याचा प्रकारही धोक्याचा आहे. लिडोकेन जास्त प्रमाणात रक्तात गेलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

लेझरने काढता येतं ना, असं तरुण मुलं सहज म्हणतात. काळा रंग बऱ्यापैकी जातो, हिरवा-निळा चिवट असतो, आणि पांढरा लेझरने उलट काळवंडू शकतो. बैठका अनेक लागतात, दोन बैठकांत सहा ते आठ आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं, आणि आपल्या त्वचेवर पांढरे डाग राहण्याची भीती गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त. कव्हर-अप करायचा, म्हणजे जुना टॅटू नव्याने झाकायचा, तर नवं चित्र जुन्यापेक्षा मोठं आणि गडद असावं लागतं. त्यापूर्वी लेझरच्या दोन-तीन बैठकांनी जुना रंग फिका करून घेतला तर आर्टिस्टला मोकळीक मिळते.

एकाहून जास्त टॅटू काढायचे असतील तर सगळा हात आधी कागदावर मांडून घ्यावा. पहिलं छोटं चित्र हाताच्या ऐन मधोमध बसलं, की पुढे मोठ्या कामाला वाट राहत नाही. लहान कामं कडेला, मोठी जागा राखीव, आणि दोन चित्रांमध्ये कातडी मोकळी. माझा उजवा दंड मी अजून राखून ठेवला आहे. ते काम थंडीत करायचं आहे. उन्हाळ्यात घामाने खपली सुटते, पावसाळ्यात ओल्या बाह्या जखमेला चिकटतात. माझ्या आर्टिस्टच्या डिसेंबर-जानेवारीच्या तारखा दिवाळीपर्यंत संपतात, म्हणून गणपती झाले की लगेच त्याला फोन करावा लागतो.