ऐकून ऐकून कान किटले! (गीता १७.१५ वर थोडं मनन)



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५. जोडीला अध्याय १२, श्लोक १५. दोन्ही श्लोक आधी एकदा मोठ्याने वाचा आणि मग पुढे या.

आता ही यादी बघा. "बघू." "मी तर आधीच सांगितलं होतं." "त्यात काय एवढं?" "शांत हो ना जरा!" "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." "पाचच मिनिटांत पोचतो" (आणि स्वारी अजून सोमाटणे फाट्यावरच!). प्रत्येक वाक्यात "बेसिकली" आणि "ॲक्चुअली". आपण चार ओळींचा मेसेज लिहावा आणि समोरून नुसतं "के" यावं.

वाचतानाच कुणाचा तरी चेहरा डोळ्यांसमोर आला ना? यातला एकही शब्द शिवी नाही. तरी डोकं फिरतं. असं का होतं आणि गीता यावर काही म्हणते का, हे आज बघू. (हा "बघू" खरा आहे!)

गीतेतला नेमका शब्द

सतराव्या अध्यायात भगवंत तपाचे तीन प्रकार सांगतात. १४ व्या श्लोकात शरीराचं तप, १५ व्यात वाणीचं, १६ व्यात मनाचं. तप म्हटलं की आपल्याला उपास आणि हिमालय आठवतो. इथे मात्र रोजचं बोलणंच तप म्हणून सांगितलंय. वाणीच्या तपाची पहिली अट आहे 'अनुद्वेगकर', म्हणजे समोरच्याला उद्वेग न देणारं बोलणं. त्यानंतर सत्य, प्रिय, हितकर आणि शेवटी स्वाध्यायाचा अभ्यास.

हा उद्वेग म्हणजे फार मोठं दुःख नव्हे. आपण मराठीत "उबग आला" म्हणतो ना, तो उबग याच घरातला शब्द आहे. म्हणजे ऐकून ऐकून कान किटणं ही आपल्याला किरकोळ वाटणारी गोष्ट गीतेने वाणीच्या तपात सगळ्यात पुढे ठेवली आहे.

क्रमही बघा. सत्य दुसरं येतं. "मी खरं तेच बोललो, राग आला तर मी काय करू?" ही पळवाट इथे बंद होते. खरं बोलायचंच, पण पहिली अट सोडून नाही. आणि नुसतं गोड बोलूनही भागत नाही, कारण 'हित' लगेच पुढे उभं आहे. ज्ञानेश्वरीत माऊली इथे परिसाचा दृष्टान्त देतात. परीस लोखंडाला न तोडता, न दुखवता सोनं करतो. बोलणं तसं हवं.

मग गप्पच बसलेलं बरं?

"एवढ्या अटी असतील तर मी बोलतच नाही!" असं मनात आलं असेल. पण गंमत अशी की 'मौन' हा शब्द १५ व्या श्लोकात नाहीच. तो १६ व्यात, मनाच्या तपात आहे. मौन म्हणजे आतला गोंगाट थांबणं. तोंडाला कुलूप लावून आत धुसफुसत राहणं, दोन दिवस मेसेज वाचून उत्तर न देणं, हे मौन नव्हे. तो न बोलता दिलेला उद्वेगच आहे.

आपले भक्तांचे शब्द

आता जरा अवघड भाग. ऑफिसच्या "बेसिकली"वर हसणं सोपं आहे. पण आपण भक्तमंडळी जे बोलतो, त्याने लोकांचे कान किटतात का?

"सगळं चांगल्यासाठीच होतं." "प्रारब्धाचे भोग, दुसरं काय!" "नाम घे, सगळं ठीक होईल." "देवाला आवडतात ती माणसं तो लवकर नेतो."

आमच्या ओळखीतल्या एका ताईंचे वडील अचानक गेले. घरी भेटायला येणारा जो तो यातलं काही ना काही बोलून जायचा. दहाव्याच्या दिवशी त्या हळूच म्हणाल्या, "देवाला आवडणं म्हणजे हे असं असेल, तर मी नाही आवडले तरी चालेल." त्यानंतर कित्येक महिने त्या हरिपाठाला आल्या नाहीत.

बोलणाऱ्यांपैकी कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. प्रारब्ध, नाममहिमा हे सिद्धान्तही आपल्या परंपरेतलेच आहेत. मग चुकलं कुठे? सिद्धान्त सांगण्याची ती वेळ नव्हती. दुःखाकडे बघवत नाही म्हणून आपण पटकन एक तयार वाक्य पुढे करतो. त्याने आपली सुटका होते, समोरचा मात्र आणखी एकटा पडतो. आणि मग तो माणूस आपल्यापासूनच नाही, देवापासूनही लांब जाऊ शकतो. म्हणून हा विषय नुसता शिष्टाचाराचा राहत नाही.

त्याच घरात शेजारच्या एक आजी रोज यायच्या. एकच विचारायच्या, "जेवलीस का गं?" आणि ताट वाढून शेजारी बसायच्या. एरवी घरून दिवसातून तीनदा फोन येतो आणि "जेवलास का?" ऐकून आपण वैतागतो. तोच प्रश्न तिथे औषध झाला. म्हणजे दोष शब्दाचा कमी, तो न बघता फेकण्याचा जास्त.

ऐकणाऱ्याचंही तप आहे

आता १२.१५ घ्या. भक्ताचं लक्षण सांगताना भगवंत तोच उद्वेग शब्द दोन्ही बाजूंनी वापरतात: ज्याच्यामुळे लोकांना उद्वेग होत नाही आणि लोकांमुळे ज्याला उद्वेग होत नाही. माऊली म्हणतात, समुद्र खवळला म्हणून त्यातले मासे भीत नाहीत आणि माशांच्या वळवळीचा समुद्राला उबग येत नाही. आपल्याला यातला पहिला अर्धा भाग दुसऱ्यांसाठी हवा असतो. दुसरा अर्धा आपल्यासाठी आहे.

पण हे जमायला खुद्द ज्ञानोबांनाही हाक लागली, असं परंपरा सांगते. लोकांच्या टोचणाऱ्या बोलण्याने खिन्न होऊन ते ताटी लावून आत बसले. धाकट्या मुक्ताईने बाहेरून विनवलं, तेच ताटीचे अभंग. लोकांचे शब्द शस्त्रासारखे लागले तरी संतांनी त्यातून उपदेश घ्यावा, असं ती दादाला समजावते. "त्यात काय एवढं?" असं ती म्हणत नाही. शब्द लागतात हे आधी मान्य करते, मग दार उघडायला सांगते. समजूत घालावी कशी, हे मुक्ताईकडून शिकावं.

आणि आपल्या भागातलंच उदाहरण घ्या. तुकोबा एकांतासाठी भंडारा, भामचंद्र आणि आपल्या सोमाटण्याजवळचा घोरावडेश्वर या डोंगरांवर जात. जिजाई तोंडाची फटकळ, असं सगळे सांगतात. पण कथा असंही सांगते की विठोबाच्या नावाने बोटं मोडत का होईना, ती भाकरी घेऊन डोंगर चढायची. तिचे शब्द कानाला टोचणारे, पण पायांतून हित चालत होतं. आईचं "किती वेळ तो मोबाईल!" पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा जिजाई आठवा. त्या किटवणाऱ्या वाक्याच्या मागे बहुतेक वेळा एक भाकरी असते.

(याचा अर्थ कुणी रोज अपमान करत असेल तर ऐकत राहा, असा नाही. तिथे स्पष्ट बोलणं हेच हित आहे.)

आजचा अभ्यास

१. तुमचं स्वतःचं पालुपद कोणतं? घरच्या एकाला आज विचारा: "मी काय बोललो की तुला वैताग येतो?" उत्तर आलं की वाद घालू नका. नुसतं लिहून ठेवा.

२. कुणी दुःख सांगितलं तर पहिल्या पाच मिनिटांत एकही सुविचार नको. "मी आहे" किंवा "जेवलास का?" एवढं पुरे.

३. जो शब्द तुम्हाला सगळ्यात जास्त खटकतो, तो आज कानावर पडला की उत्तर देण्याआधी मनात एकदा 'विठ्ठल' म्हणा.

वारीत एवढी गर्दी, एवढी ढकलाढकली, तरी पायावर पाय पडला की तोंडातून येतं "माऊली!" त्या एका शब्दात क्षमाही असते, वाट द्या अशी विनंतीही असते आणि नमस्कारही. रोज दिवसभर बोलला जातो, पण त्याचा कुणाला उबग आल्याचं ऐकलंय का? कारण म्हणणारा समोरच्यात खरंच माऊली बघत असतो.

पांडुरंगा, माझ्या बोलण्याने आज कुणी तुझ्यापासून लांब जाऊ नये, एवढं सांभाळ.

रामकृष्ण हरी!