धावत्या वाटसरूचे दान
(विद्यार्थी व सभासदांसाठी एक पाठ)

दान हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे पावतीपुस्तक, वर्गणी किंवा भोजनदानाची पंगत येते. या सर्व दानांत घेणारा आपल्या ओळखीचा असतो. परंतु जो कोण आहे हे माहीत नाही, जो पुन्हा कधी भेटणार नाही, अशा वाटसरूला दिलेले दान अधिक कसोटीचे असते. लांब पल्ल्याचा धावपटू हे अशा वाटसरूचे आजच्या काळातील उत्तम उदाहरण होय.

धावपटूची गरज

धावताना माणसाला तासाला साधारण एक लिटर घाम येतो. उन्हात तो याहून वाढतो. दिवसभराचे पाणी व अन्न पाठीवर घेऊन धावणे शक्य नसते. सोबत गाडी असली तरी रात्रीचा निवारा, पायाला फोड आल्यास मलमपट्टी, चुकलेल्या वाटेची चौकशी यांसाठी गावकऱ्यांवरच विसंबावे लागते.

राजस्थानातील अजमेरच्या सूफिया खान यांनी २५ एप्रिल ते २१ जुलै २०१९ या ८७ दिवसांत काश्मीर ते कन्याकुमारी हे सुमारे ४,००० किलोमीटर अंतर धावून पार केले. रोजची सरासरी ४६ किलोमीटर, म्हणजे रोज एका मॅरेथॉनहून अधिक. माणुसकी, एकता, शांतता आणि समता हा संदेश घेऊन त्या धावल्या. आपल्या पुण्याच्या मिशेल काकडे यांनी २०१५-१६ मध्ये मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई यांना जोडणाऱ्या महामार्गाचे सुमारे ६,००० किलोमीटर अंतर १९३ दिवसांत पायी पुरे केले. पाय त्यांचे, जिद्दही त्यांचीच. परंतु एवढा रस्ता एकट्याच्या बळावर सरत नाही. ढाब्यावरची खाट, हातपंपाचे पाणी, चार कोस सोबत धावणारी गावातील पोरे, अशा कितीतरी निनावी हातांचा वाटा त्यात असतो.

धम्मातील विचार

तथागतांनी पहिल्या साठ भिक्खूंना लोकांच्या हितासाठी चारिकेला पाठविले, तेव्हा दोघांनी एका वाटेने जाऊ नये असे सांगितले. भिक्खूने अन्नाचा साठा करावयाचा नाही, मिळेल ते मध्यान्हापूर्वी घ्यावयाचे, हा नियम होता. म्हणजे धम्माचा प्रसार अनोळखी घरांच्या उंबरठ्यावरील मूठभर भातावर झाला, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.

अंगुत्तर निकायातील कालदान सुत्तात वेळेवर द्यावयाची पाच दाने सांगितली आहेत: नव्याने आलेल्यास, प्रवासाला निघालेल्यास, आजाऱ्यास, दुष्काळात, आणि नव्या पिकाचे पहिले फळ शीलवानांस. धावपटू हा गावात शिरताना आलेला असतो व लगेच निघालेलाही असतो. ऊन लागले तर तो आजारीही होतो. यातील मर्म 'वेळ' या शब्दात आहे. तहानेच्या वेळी दिलेला तांब्या आणि दुसऱ्या दिवशी दिलेली घागर यांची किंमत सारखी नाही.

पाण्याची कसोटी

आपल्या समाजाला हा विषय नवा नाही. १९०१ साली बालपणी बाबासाहेब मोठे बंधू व भाचे यांच्यासह साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर उतरल्यानंतर जात कळताच गाडीवाले मिळेनात. दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळाली, परंतु रात्रभर पाणी मिळाले नाही. जवळ शिदोरी होती. पाण्यावाचून ती खाता आली नाही. वाटेत माणसे भेटली, पण माणुसकी भेटली नाही. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, त्यामागे ही तहानही होती.

म्हणून, नाव, गाव, जात न विचारता वाटसरूपुढे धरलेला पाण्याचा पेला ही लहान गोष्ट नव्हे. ज्यांना पाणी नाकारले गेले, त्यांच्या वारसांनी पाणी देण्यात सर्वांच्या पुढे असावे, हाच त्या इतिहासाचा खरा धडा होय.

आपल्या लोणारात

लोणारकरांना हे समजावयास दूर जावे लागत नाही. सरोवरात पाणी येते, परंतु बाहेर जाण्यास वाट नाही; पाण्याची वाफ होते, क्षार मागे उरतात, आणि ते पाणी पिण्यास निरुपयोगी होते. त्याच विवराच्या काठावरील धार मात्र गोड आहे, कारण ती वाहती आहे. साठविणारे खारट होते, देणारे गोड राहते.

आज मेहकर व मंठा रस्त्यांवर पहाटे पोलीस भरतीच्या तयारीची मुले-मुली धावताना दिसतात. मुलांना १६०० व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. सराव मात्र कितीतरी अधिक असतो. त्यांच्यासाठी आपण काय करू शकतो?

१. रस्त्यालगतच्या घरांनी उन्हाळ्यात झाकलेला रांजण व स्वच्छ पेला ठेवावा.
२. चक्कर आलेल्यास सावलीत बसवावे, कपडे सैल करावेत, ओले फडके ठेवावे. शुद्धीवर असल्यास मीठ-साखरेचे पाणी घोट-घोट द्यावे. शुद्ध हरपल्यास तोंडात काही घालू नये, त्वरित दवाखान्यात न्यावे.
३. एकट्या धावणाऱ्या मुलीला मदत देताना पुढे घरातील स्त्रीने व्हावे. तिला प्रश्नांनी भंडावून सोडू नये.
४. दिलेल्या मदतीचा फोटो काढून मिरवू नये.

घेणाऱ्याचेही कर्तव्य आहे. पाणी देणारा पुन्हा भेटत नाही, म्हणून त्याचे ऋण त्याला फेडता येत नाही. ते पुढच्या तहानलेल्याला देऊनच फिटते. आज धावणारा विद्यार्थी उद्या वर्दी घालील, तेव्हा रस्त्यावर अडलेल्या अनोळखी माणसाशी तो कसा वागतो, यावर या पाठाची परीक्षा होईल.

अभ्यासासाठी प्रश्न
१. कालदानाचे पाच प्रकार सांगा. त्यांपैकी कोणते धावपटूस लागू पडतात?
२. सरोवर व धार यांच्या उदाहरणातून दानाविषयी काय शिकावयास मिळते?
३. तुमच्या घरासमोरून जाणाऱ्या वाटसरूसाठी या उन्हाळ्यात तुम्ही काय कराल?