दगडातलं दप्तर आणि गढीची माती

प्रश्न : कॅनडातल्या रेड बे इथे देवमाशांची शिकार करणाऱ्या बास्क खलाशांचा सोळाव्या शतकातला तळ उत्खननात सापडला आणि तो आता पाहता येतो, असं वाचलं. नाशिकजवळ असं काही पाहायला मिळेल का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : देवमाशांचा तळ नाही, पण रेड बे ज्या वाटेनं सापडलं, ती वाट इथे जरूर चालता येते. संशोधक सेल्मा बार्कम यांनी स्पेनमधल्या बास्क दप्तरखान्यांत विम्याचे, कोर्टकज्जांचे कागद आणि मृत्युपत्रं चाळून या शिकाऱ्यांची बंदरं शोधली. मग १९७७ पासून जमिनीत चरबी कढवण्याच्या भट्ट्या आणि लाल कौलं मिळाली, तर पाण्याखाली १५६५ मध्ये बुडालेलं, बहुधा 'सान हुआन', हे जहाज. २०१३ मध्ये ही जागा जागतिक वारसा ठरली.

नाशिकचं दप्तर दगडात आहे. पांडवलेण्यातल्या १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख पाहा. त्यानं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, २,००० कार्षापण नाणी ठेवली, दरमहा शेकडा एक व्याजानं. वर्षाचे झाले २४०. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. हिशेब चोख जुळतो! एवढी रक्कम विणकरांच्या हवाली करावी, इतकी त्यांची पत होती. राजांच्या पराक्रमापेक्षा मला हा लेख मोलाचा वाटतो.

मातीची साक्षही आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाच्या क्षहरात घराण्याचा निर्वंश केला, असं ३ क्रमांकाच्या लेण्यातला लेख सांगतो. त्याला मातीनं दुजोरा दिला : १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा निघाला. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्रानं आपला छाप पुन्हा मारलेला होता. आणि जुन्या नाशकातल्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी खणलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासून मराठेशाहीपर्यंतच्या वस्तीचे थर एकाखाली एक मिळाले.

आधी लेणी पाहा, मग गढी. रेड बेसारखी मांडणी गढीवर नाही, त्यामुळे डेक्कन कॉलेजनं १९५५ मध्ये छापलेला उत्खननाचा अहवाल मिळवून आधी चाळा. पावसाळ्यात मात्र गढीच्या कडेला जाऊ नका, ती ढासळते. तिथे माणसं राहतात. त्यांची घरं आणि खालचे थर, दोन्ही सांभाळणारं पक्कं काम आता व्हायलाच हवं.