लेझरखाली काय अंथरायचं?

प्रश्न : घरी 40 वॅटचं सीओटू लेझर कटिंग मशीन घेतलंय. 3 मिमी एमडीएफचे आकाशकंदील कापतो. वरून काप सुरेख येतो, पण तुकडा पालथा केला की तपकिरी डाग आणि खालच्या जाळीची नक्षी! तयार हनीकोंब जाळी महाग वाटते. पापड भाजायची जाळी टाकली तर चालेल का?

उत्तर : नको. ती कधीच सपाट नसते, आणि इथे सगळा खेळ सपाटीचा आहे. डागांची कारणं दोन. कापताना निघालेला धूर खाली वाट मिळाली नाही की पाठीला चिकटतो. आणि पार गेलेला किरण लगेच धातूवर आदळून उलटा फिरतो. महागड्या हनीकोंबच्या भिंतीही ही नक्षी उमटवतात, त्यामुळे ती घेतली नाही म्हणून हळहळू नका.

अंतर वाढलं की किरण निवतो. 50 मिमीचं भिंग आणि त्यावर पडणारा 5 मिमीचा किरण धरला, तर फोकसपासून 12 मिमी खाली तोच किरण मिलिमीटरभर फुगलेला असतो. एवढ्या जागेवर ताकद पसरली की परतून आला तरी फारसं बिघडत नाही. म्हणजे आधार हवा उभ्या, पातळ पात्यांचा, आणि मध्ये भरपूर पोकळी.

ही पाती हार्डवेअरच्या दुकानात तयार मिळतात : 12 इंची हॅकसॉ ब्लेड. जाडी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त, रुंदी साधारण 12 मिमी. दोन्ही टोकांची भोकं कारखान्यातच पाडलेली, त्यामुळे सगळी पाती आपोआप एका उंचीला बसतात. भोकांतून आटे पाडलेली सळई ओवायची (4 मिमीची जाते का ते दुकानातच बघा), प्रत्येक पात्याला दोन्हीकडून नट आवळायचे, मध्ये 15-20 मिमी अंतर. दाते खाली; वर ठेवलेत तर ॲक्रिलिक ओरखडेल आणि बोटंही. पात्यांवरचा रंग आधी पॉलिश पेपरने घासून काढा, नाहीतर पहिल्याच कामाला तो जळेल. शिवाय पाती लोखंडी, म्हणून वाकलेला एमडीएफ लोहचुंबकाने दाबून धरता येतो. ॲल्युमिनियमच्या जाळीवर ही सोय नाही.

सांगाडा ॲल्युमिनियम अँगलवर बसवा, मात्र पाणसळ लावू नका. मशीन तिरकं उभं असेल तर पाणसळ काय कामाची? नोझल आणि पात्यांमधलं अंतर चारही कोपऱ्यांत सारखं हवं. त्या मापाचा लाकडी ठोकळा कापून घ्या आणि प्रत्येक कोपऱ्यात सरकवून पाहा. अडला किंवा सैल गेला, की तिथे सांगाड्याखालचे वायसर कमी-जास्त करा.

तरीही सरळ रेघ नेमकी पात्यावरूनच धावली तर पाठीवर लांब तपकिरी पट्टा पडतो. डिझाइन थोडं तिरकं फिरवा, म्हणजे रेघ पात्याला नुसती ओलांडेल. खालून मास्किंग टेप लावला तर उरलेला डाग टेपसकट निघून येईल. लहान तुकडे पात्यांच्या फटीत कलंडतात आणि वर आलेलं टोक नोझलला धडकतं. अशा तुकड्यांना कापात अर्ध्या मिलिमीटरचा दुवा राखून ठेवा.

खाली पत्र्याचा ट्रे हवाच, आणि तो दर कामानंतर रिकामा करा. आग बऱ्याचदा तिथे साठलेल्या कपच्यांतून लागते.